भेटीला की कामाला?

मागच्या अंकात घरकाम करणाऱ्या मैत्रिणींच्या पगारी रजेवरची चर्चा वाचली आणि मला एक कागद आठवला. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मी तो दोनदा भरला, एकदा स्वतःसाठी आणि एकदा दुसऱ्या एका बाईसाठी. ‘जाण्याचा उद्देश’ या रकान्यात दोघींच्याही कागदावर मी एकच शब्द लिहिला: भेट. मला त्या शब्दावर पलीकडे सोडलं. तिला सोडलं नाही. त्यावर लिहायचं इतकी वर्षं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी टाळलं. कारण त्या गोष्टीत माझं वागणं काही अभिमानानं सांगावं असं नाही.

मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. लेक लंडनला, फेब्रुवारीत तिचं बाळंतपण. विमानात पहिल्यांदाच बसणार होते. पासपोर्ट आदल्या वर्षी काढला, तेव्हाच माझी पहिली परीक्षा झाली होती. नवरा आणि मी वीस वर्षांपूर्वी वेगळे झालो, पण कोर्टात कुणीच गेलं नाही. अर्जावर नवऱ्याच्या नावाचा रकाना. “कोरा ठेवला तर चालेल का?” असं विचारल्यावर खिडकीतल्या माणसानं विचारलं, “घटस्फोटाचा कागद आहे? नाही? मग नाव लिहा.” लिहिलं. ज्या माणसानं वीस वर्षांत लेकीच्या शाळेची फी भरली नाही, त्याचं नाव घेऊन मी तिच्या बाळंतपणाला निघाले. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. विवाहाचा दाखला मागणं बंद झालं, वेगळ्या राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचं नावही पुरेसं ठरलं. चांगलं झालं. माझं वर्ष हुकलं एवढंच.

तर सहार. लोक आता टी-टू म्हणतात. पांढरे उंच खांब, भिंतींवर देशभरातून आणलेल्या जुन्या कलावस्तू, पायाखाली गालिचे. माझ्या पेटीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, आणि आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी. लाडू काढून टाकतील की काय, याच धास्तीत मी होते. सामान दिलं, आणि तो कागद भरायला उभी राहिले. तेव्हा देशाबाहेर जाणाऱ्या भारतीयांना तो भरावा लागे.

“मावशी, एवढं लिव्हून देता का? मला सही येती, लिव्हता येत नाही.”

नवी साडी, नवी पर्स, पायात नवे बूट. बूट चावत असावेत, एक पाय ती सारखा वर उचलत होती. नांदेडकडची. तेलंगणाच्या सीमेवरचं गाव. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. आमचं विमान एकच होतं. कुवेतला मी उतरून लंडनचं दुसरं विमान धरणार होते, ती तिथंच राहणार होती.

पासपोर्ट उघडला. जन्मसाल १९८९. पुढच्या पानावर शिक्का, ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ म्हणतात तोच, ईसीआर. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो असे. मी शिक्षिका, त्यामुळे माझा पासपोर्ट कोरा. तोवर मला या शिक्क्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं, शाळेत तीस वर्षं दहावीचे वर्ग घेऊनसुद्धा. दहावीला बसू न शकलेली मुलगी पुढं कुठल्या दारात अडते, हे आम्ही मास्तरणींनी कधी पाहिलंच नव्हतं.

व्यवसाय? “घरकाम लिव्हू नका, एजंट म्हणला. हाऊसवाईफ लिव्हा.” लिहिलं. पुढचा रकाना उद्देशाचा. “बहिणीला भेटायला.” बहीण आहे का तिथं? “हाय की.” मग खाली बघून म्हणाली, “म्हंजी आमच्याच गावची हाय ती. मला एका घरात लेकरं सांभाळायची हायत. दोन हायत, एक तर लईच बारकं.” तिचं स्वतःचं लेकरू? “पाच वर्साचं. माझ्या मायकडं ठिवलंय.” एजंटला पैसे दिले होते, मायचे दागिने मोडून. किती ते तिनं सांगितलं, मी इथं सांगत नाही. त्या आकड्यावर मग सगळे हळहळतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

मी पेन हातात धरून थांबले. खोटं लिहायचं का? आणि मग माझ्या ध्यानात आलं की माझ्या कागदावर मी आत्ताच काय लिहिलं होतं. मी तरी कशाला चालले होते? पहाटे उठून पेज करायला, बाळाला न्हाऊ-माखू घालायला, लंगोट धुवायला, लेकीला रात्री झोप मिळावी म्हणून मूल मांडीवर घेऊन बसायला. त्याला मी भेट लिहिलं होतं. कुणी मला विचारलं नव्हतं, आणि खोटं बोलतेय असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तिच्याही कागदावर भेट लिहिलं. तिनं जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर जोडत सही केली.

इमिग्रेशनच्या रांगा वेगवेगळ्या होत्या. माझ्या आधी ती खिडकीशी पोचली. अधिकारी तरुण होता, आवाज चढवला नाही त्यानं. लांबून थोडं थोडं ऐकू येत होतं. कुणाकडे चाललीस? बहिणीचा नवरा काय करतो? परतीचं तिकीट कुणी काढलं? साथ में कौन है? हा शेवटचा प्रश्न त्यानं तीनदा विचारला. मग कागद वर धरून काहीतरी म्हणाला. तिनं मागे वळून माझ्याकडे बोट केलं.

“मॅडम, हा फॉर्म तुम्ही भरलात? तुम्ही यांना ओळखता?”

मी म्हणाले, “नाही. लिहून द्या म्हणाली म्हणून दिला.”

उत्तर खरं होतं. अर्ध्या तासापूर्वी मी तिला पाहिलंही नव्हतं. पण ते उत्तर मी ज्या घाईनं दिलं, ती घाई मला आजही आठवते. माझं विमान, माझा व्हिसा, माझ्या लेकीची तारीख. तीस वर्षं बायकांच्या मोर्चांत ‘हम सब एक हैं’ म्हणत घसा बसवून घेतलेली मी, त्या काचेसमोर एका सेकंदात एकटी झाले. तिला बाजूच्या खोलीकडे नेलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अधिकारी मला म्हणाला, “मॅडम, हे आम्ही यांच्याच भल्यासाठी करतो.” विमानात शेजारच्या बाईनं मला त्याला काय म्हणतात ते सांगितलं. ‘ऑफलोड’. जड झालेलं सामान उतरवतात, तोच शब्द.

त्या अधिकाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याच्या हातात नियम होता. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली ज्यांच्या पासपोर्टवर तो शिक्का, त्यांना आखातातले देश, जॉर्डन, लेबनॉन, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागे. ती देणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाव ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’, म्हणजे स्थलांतरितांचा रक्षक. बाई असेल आणि घरकामाला जात असेल तर वय तीस पूर्ण हवं. पुरुषाला ही अट नाही. अठराव्या वर्षी तो जाऊन उन्हात परातीवर चढू शकतो. शिवाय २०१५ पासून अशा बायकांची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा आदेश होता. फक्त भेटीला जात असाल तर यातलं काही नको, व्हिसा आणि परतीचं तिकीट पुरे.

आता बघा. सव्वीस वर्षांच्या बाईला सरळ दारानं जाता येत नाही. तीस व्हायला चार वर्षं आहेत आणि कर्ज आज आहे. सरकारी संस्थेचं नाव तिच्या गावात कुणी ऐकलेलं नाही, एजंट मात्र दारात येऊन बसतो, चहा पितो, तिच्या मायला माय म्हणतो. तो तिला भेटीच्या व्हिसावर पाठवतो. म्हणजे ज्या क्षणी ती विमानात चढते, त्या क्षणापासून ती सरकारच्या वहीत कामगार नाहीच. करार नाही, नोंद नाही. तिथं मालकानं पासपोर्ट काढून घेतला, पगार दिला नाही, हात उचलला, तर तक्रार करायची कुणी? तिनं दूतावासात जाऊन सांगायचं काय, की मी भेटीला आले होते? कुवेतनं २०१५ मध्येच घरकामगारांसाठी कायदा केला होता, आठवड्याची सुटी, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास, वर्षाला महिनाभराची पगारी रजा. आमच्याकडे किती घरांत हे देतात, ते मागच्या अंकातल्या पत्रांवरून दिसलंच. पण त्या कायद्याचा आधार तरी मागच्या दारानं आलेल्या बाईला कसा मिळायचा? तिथं राहण्याचा परवानाच मुळी मालकाच्या नावाशी बांधलेला. कफाला म्हणतात त्याला. घर सोडून पळाली तर गुन्हेगार तीच.

म्हणजे तीस वर्षांच्या अटीनं तिला जाण्यापासून रोखलं नाही, खरं बोलण्यापासून रोखलं. माझा सगळा आक्षेप इथं आहे.

मला ठाऊक आहे, आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील की आखातात बायकांचे हाल होतात, अट असलेलीच बरी. हाल होतात हे खरं आहे. त्या दिवशी तिला अडवलं म्हणून ती वाचली असेल, असंही असू शकतं. मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही की तिला सोडायला हवं होतं. पण तिचं भलं कशात आहे याची चौकशी ज्या खोलीत झाली, तिथं तिला तिच्या भाषेत कुणी विचारलं का, की बाई, तुला जायचंय का, कुठं चाललीस हे तुला नीट ठाऊक आहे का, हा एजंटचा कागद आम्हाला दाखव, त्याला आम्ही बघतो? की फक्त घरी पाठवलं, कर्जासकट? एजंटचं काय झालं? रक्षण करायचं तर मालकाला धरा, एजंटला धरा. ते दोघं सोडून जिला धरणं सगळ्यांत सोपं, तिलाच आपण धरतो. मुलींना छेडतात म्हणून मुलींनाच सातच्या आत घरात बोलवणारा न्याय हाच. विमानतळावर त्याला संगणक मिळाला एवढाच फरक.

आणि हे रक्षण किती पक्कं असतं, त्याचं उदाहरण शेजारी आहे. श्रीलंकेत २०१३ पासून नियम होता की पाच वर्षांखालचं मूल असलेल्या बाईनं घरकामासाठी परदेशी जायचं नाही, वयाच्याही अटी होत्या. मुलांच्या भल्यासाठी. बापांना असला नियम नव्हता. २०२२ मध्ये तिजोरीत परकीय चलन उरलं नाही, तेव्हा सरकारनं वयाची अट एकवीसवर आणली आणि मुलांचा नियमही सैल केला. मुलं तीच, आयाही त्याच. डॉलर संपले होते.

कुवेतच्या विमानतळावर मी सहा तास बसले होते. खुर्च्यांत, खाली गालिच्यावर, बायका झोपलेल्या. फिलिपिन्सच्या, इथिओपियाच्या, श्रीलंकेच्या. डोक्याखाली पर्स, हातात पासपोर्ट घट्ट धरलेला. मी माझे लाडू काढून शेजारच्या दोघींना दिले. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. एकीनं फोनवर मुलाचा फोटो दाखवला, मी लेकीचा दाखवला, पोट पुढं आलेला. प्रायश्चित्त म्हणून लाडू दिले का? असेल तसं.

हीथ्रोला उतरल्यावर रांगेत माझे पाय कापत होते आणि ते थंडीनं नव्हे. माझ्या पिढीतल्या चळवळीतल्या बाईला हीथ्रो म्हटलं की एक तारीख आठवते, २४ जानेवारी १९७९. भारतातून एक पस्तीस वर्षांची शिक्षिका तिथं उतरली, नियोजित वराशी लग्न करायला. तेव्हाचा नियम असा, की लग्न ठरलेली मुलगी येऊन तीन महिन्यांत लग्न करणार असेल तर तिला आधी परवाना नको, पण बायको म्हणून येणाऱ्या बाईला हवा. अधिकाऱ्याला वाटलं ही आधीच लग्न झालेली आहे, खोटं बोलते आहे. मग तिचा शब्द खरा की खोटा हे ठरवायला तिच्या शरीराची तपासणी झाली. पुरुष डॉक्टरनं केली. कौमार्य चाचणी. वर्तमानपत्रात आल्यावर गदारोळ झाला, ब्रिटनमधल्या आशियाई बायका रस्त्यावर आल्या, भारत सरकारनं निषेध केला आणि ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी ती पद्धत बंद करायला लावली. एकदोन तुरळक प्रकार, असं तेव्हा भासवलं गेलं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ब्रिटनच्या सरकारी दप्तरातून काढलेली कागदपत्रं उजेडात आली. भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही सत्तरच्या दशकात अशा चाचण्या झाल्या होत्या, किमान ८० बायकांच्या.

मी चोवीस वर्षांची होते १९७९ साली. आदल्या वर्षी मथुराच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. चंद्रपूरकडची ती आदिवासी मुलगी. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणून पोलीस सुटले होते. आम्ही मैत्रिणी म्हणत असू, पोलीस चौकीत जे, तेच हीथ्रोवर. बाईच्या तोंडच्या शब्दाला किंमत नाही, तिच्या अंगाची साक्ष काढायची.

हे सगळं जुनं झालं असं म्हणावं, तर २ ऑक्टोबर २०२० ला दोहाच्या विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात एक नवजात अर्भक सापडलं. ते वाचलं. पण त्याची आई शोधण्यासाठी दहा विमानांतल्या बायकांना उतरवून धावपट्टीवरच्या रुग्णवाहिकांत नेलं आणि कित्येकींची अंतर्वस्त्रं उतरवून तपासणी केली, कशासाठी हे न सांगता. कतार सरकारनं माफी मागितली. ऑस्ट्रेलियाच्या पाचजणी न्यायालयात गेल्या. बाप शोधायला कुणा पुरुषाला विमानातून उतरवल्याचं कुठं वाचलं नाही.

मला मात्र त्या दिवशी हीथ्रोवर काहीही झालं नाही. खिडकीत एक पगडीवाला सरदारजी अधिकारी होता. किती दिवस राहणार? काय करणार? “मुलीला बाळ होणार आहे,” मी पाठ केलेलं इंग्रजी म्हटलं. तो हसला, अभिनंदन म्हणाला आणि शिक्का मारला. आजी म्हटलं की जगातल्या कुठल्याही काचेमागचा माणूस हसतो.

लंडनमध्ये मी ऐंशी दिवस राहिले. नात झाली. त्या ऐंशी दिवसांचा हिशोब मी मांडणार नव्हते, लेकीला वाईट वाटेल. पण ती स्वतःच एके रात्री म्हणाली, “आई, तू नसतीस तर इथं बाई ठेवायला माझा अख्खा पगार गेला असता.” पहाटे पाचला उठायचे, रात्री अकराला पाठ टेकायचे. एक दिवस सुटी नाही. बाहेर बर्फ, आणि मला वाटलं होतं राणीचा राजवाडा तरी बघू. तो राहिलाच. मी हे प्रेमानं केलं, पुन्हा करीन. पण प्रेमानं केलं म्हणून कंबर कमी दुखली असं नाही. आणि नात मांडीवर घेऊन रात्री बसले की मला ती नांदेडची माय दिसायची, जिच्याकडे पाच वर्षांचं लेकरू ठेवलं होतं. तीही हेच करत असणार, फुकट. तिची लेक कुवेतला पोचली असती तर तिनं तिथं दुसरीची लेकरं हीच अशी मांडीवर घेतली असती, पैसे घेऊन. काम तिघींचं एकच. माझ्या कामाला भेट म्हणतात आणि अधिकारी हसतो. मायच्या कामाला नावच नाही. आणि तिनं त्या कामाचे पैसे मागितले रे मागितले, की ती संशयित.

हे काम कामच नाही असं धरून सगळा कारभार चालतो. म्हणून तर आपल्या राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. म्हणून घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार, १८९ क्रमांकाचा, आपल्या सरकारनं इतकी वर्षं बाजूला ठेवला. आपल्या घरातल्या बाईला कामगार म्हटलं तर तिला रजा द्यावी लागेल. परदेशी जाणाऱ्या बाईला कामगार म्हटलं तर तिच्या पगारासाठी दुसऱ्या देशाशी भांडावं लागेल. त्यापेक्षा तिला अजाण ठरवणं स्वस्त पडतं.

वयाची अट काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. सज्ञान बाई सज्ञानच धरा, अठराव्या वर्षी मत देते ती. त्याऐवजी जी जी घरकामाला जातेय तिची त्याच नावानं नोंद करा, तिच्या हातात तिच्या भाषेतला करार द्या, आणि एजंटचा परवाना तिच्या तक्रारीवर रद्द होईल अशी सोय करा. विमानतळावर अडवायचंच असेल तर त्या खोलीत बाई अधिकारी हवी, तिची भाषा बोलणारी, आणि आधी जबाब एजंटविरुद्ध लिहून घ्यायचा. हे फार मोठं मागणं नाही. सुरक्षा तपासणीला बायकांसाठी पडद्याची वेगळी जागा आहेच. तिथली साताऱ्याकडची कॉन्स्टेबल मुलगी मला “मावशी, हात वर करा” म्हणाली तेव्हा मला धीर आला होता. सकाळपासून उभी आहे म्हणाली. परकी माणसं हाताळून तिचे हात सुजले होते. एक मराठी शब्द कानावर पडला की काय होतं ते मला तिथं कळलं. त्या दुसऱ्या खोलीत तो शब्द नव्हता.

१ जुलै २०१७ पासून तो कागद बंद झाला. विमानानं जाणाऱ्या भारतीयांना आता काही भरावं लागत नाही. सोय झाली. पण जिला लिहिता येत नाही ती आता कुणाला “लिव्हून देता का” म्हणत नाही, आणि आपल्यासारखीला तिचा पासपोर्ट उघडून बघायचं कारण उरलं नाही. मी त्यानंतर दोनदा गेले, नातीसाठी आणि मग नातवासाठी. दोन्ही वेळा रांगेत नवी पर्स घेतलेल्या एकट्या बायका दिसल्या. एकीशी बोलले. तीही बहिणीकडे चालली होती.

तिला मी जे सांगितलं तेच आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायकांना आत्ताच, घर सोडण्याआधी सांगायला हवं. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या दोन झेरॉक्स, एक स्वतःच्या कपड्यांत, एक घरी. एजंटचं नाव, फोन आणि त्याला दिलेल्या पैशांची तारीख घरच्या वहीत. मालकाचं नाव आणि पत्ता आधी, विमान नंतर. तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर कागदावर लिहून, फक्त मोबाईलमध्ये नव्हे, मोबाईल काढून घेतात. आपल्या वस्तीतून, गावातून कुणी गेली असेल किंवा अर्ध्या वाटेवरून परत आली असेल, तर तिच्याशी बोलून संपादक मंडळाला जरूर लिहा. नाव छापू नका म्हणाली तर छापू नये. नांदेड, बिलोली, धर्माबाद भागातल्या मैत्रिणींनी तर नक्कीच. एकजण तिकडे आहे, आता छत्तिसाच्या पुढची, सही एकेक अक्षर जोडत करते. ती पुन्हा गेली की नाही, हे मला कळायचंय.